सावलीचे तास

इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी जातो तेव्हा त्यात तिची उंची असते, मजले असतात, चारही बाजूंना सोडलेली सामासिक अंतरे असतात, जिने, पाण्याच्या टाक्या आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागा असतात. तिची सावली मात्र बहुतेक नकाशांत कुठेच नसते. वास्तविक निरभ्र दिवशी ती सावली कुठे, किती लांब आणि किती वेळ पडणार, हे पाया खणण्याच्याही आधी मिनिटांच्या हिशेबाने सांगता येते, कारण सूर्याच्या वाटेत अनिश्चित असे काहीच नाही. इतक्या नेमकेपणाने आधी सांगता येणारी ही गोष्ट शेजारच्या घरात राहणाऱ्याला कळते ती ऊन गेल्यावर. माझ्या घराच्या आग्नेयेला एक उंच इमारत उभी राहिली, तेव्हापासून मी या विषयाकडे लक्ष देऊन पाहू लागले, आणि जितके पाहत गेले तितके हेच पटत गेले की सावली हा इमारतीचाच एक भाग आहे. भिंत आणि छप्पर बांधणाऱ्याच्या जागेत राहतात, हा भाग मात्र दुसऱ्याच्या जागेत पडतो, एवढाच काय तो फरक.

त्या इमारतीचे वरचे मजले चढत होते तेव्हा उन्हाळा होता. स्लॅबमागून स्लॅब पडत होते, पण घरात येणाऱ्या उन्हात काही उणे झाले आहे असे कोणालाच वाटत नव्हते. सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीतून नेहमीसारखे आत येत होते, दुपारी सूर्य डोक्यावर असे आणि इमारतीची सावली तिच्या पायथ्याशीच घुटमळत असे. दिवस लहान होऊ लागले तसे चित्र बदलले. सूर्योदयाची जागा दक्षिणेकडे सरकत सरकत नेमकी त्या इमारतीच्या मागे गेली, आणि थंडीत ज्या तासांचे ऊन सर्वांत हवेसे वाटते तेच तास घरातून गेले. उन्हाळ्यात पाहिलेल्या जागेबद्दल थंडीत निराशा होण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे मध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभरात जवळजवळ ४७ अंशांनी वरखाली होते. ही उंची काढणे अगदी सोपे आहे. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, ९० मधून आपला अक्षांश वजा करायचा. उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, त्यातून आणखी २३.४ वजा करायचे, जूनच्या अयनदिनी, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी, तेवढेच मिळवायचे. (दक्षिण गोलार्धात महिने आणि दिशा दोन्ही उलट होतात.) आता ३० मीटर उंचीची, म्हणजे साधारण दहा मजल्यांची, एक इमारत घेऊ. डिसेंबरच्या अयनदिनी भर दुपारी तिची सावली २० अंश अक्षांशावर सुमारे २८ मीटर, ४० अंशांवर ६० मीटर आणि लंडनच्या अक्षांशावर ११० मीटरांहून अधिक लांब असते. तीच इमारत जूनमध्ये ४० अंशांवर जेमतेम ९ मीटर सावली टाकते, आणि २० अंशांवर तर सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे गेलेला असल्यामुळे तिची सावली दक्षिणेला पडते, तीही दोन मीटरांहून कमी. ही सगळी मध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड सावली. सकाळ-संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असतो तेव्हा याच इमारतीची सावली १७० मीटरांपर्यंत पोचते आणि वाटेतल्या सगळ्या घरांवरून जाते.

सूर्य उगवण्याची जागाही वर्षभर फिरती असते. २० अंशांवर डिसेंबरात तो पूर्वेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणून "घर पूर्वाभिमुख आहे, सकाळचे ऊन मिळेल" हे वाक्य अर्धेच खरे असते. कोणत्या महिन्यात, आणि समोर कोणत्या कोनात काय उभे आहे, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर राहणाऱ्यांना या बाबतीत एकमेकांचे म्हणणे पटत नाही, त्यामागेही हीच भूमिती आहे. दक्षिणेला १२ मीटरांवर ३० मीटर उंचीची रुंद इमारत आहे असे समजू. तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यापासून तिचा माथा सुमारे ६७ अंशांवर दिसतो, पाचव्या मजल्यावरून ४८ अंशांवर आणि आठव्या मजल्यावरून केवळ २१ अंशांवर. २० अंश अक्षांशावर डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४७ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे आठव्या मजल्याला दुपारचे ऊन बिनधोक मिळते, पाचव्याचे अगदी थोडक्यात हुकते, आणि तळमजल्याला मार्च महिना उजाडेपर्यंत, सूर्य जवळजवळ ७० अंशांवर चढेपर्यंत वाट पाहावी लागते. सोसायटीच्या बैठकीत वरच्या मजल्यावरचे सभासद "आम्हाला तर काही फरक पडलेला नाही" असे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात; पण त्यांचा अनुभव खालच्यांच्या तक्रारीला उत्तर होऊ शकत नाही. खालच्या मजल्यांचे ऊन आधी जाते आणि शेवटी परत येते.

उंचीइतकेच महत्त्व रुंदीला आहे, हे मात्र सहसा बोलले जात नाही. उंच आणि सडपातळ मनोऱ्याची सावली लांबवर जाते, पण ती एका जागी ठरत नाही. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, आणि ६० मीटर लांबीच्या सावलीचे टोक भर दुपारी मिनिटाला पाव मीटरहून अधिक वेगाने जमिनीवरून सरकत असते. पन्नास मीटरांवरचा १३ मीटर रुंदीचा मनोरा खिडकीसमोरून साधारण तासाभरात सूर्याला मोकळे करतो. तेवढ्याच अंतरावरची शंभर मीटर लांबीची, उंचीने निम्मी असलेली इमारत थंडीत अर्धा दिवस अडवून ठेवू शकते. म्हणून नुसते मजले मोजून कोणती इमारत शेजाऱ्याला जास्त जाचक ठरेल ते सांगता येत नाही. सावली तासांत मोजावी लागते.

सावलीची कड जवळून पाहण्यासारखी असते. सकाळी जमिनीच्या फरशीवर खिडकीच्या गजांची सावली रेखीव पडलेली असते, पण शेजारच्या इमारतीची कड मात्र पुसट, हातभर रुंदीच्या करड्या पट्ट्यासारखी दिसते. सूर्य बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. अडथळा जितका दूर तितका हा पुसट पट्टा रुंद होत जातो. साधारण अंतराच्या एकशेसातव्या भागाएवढा. चाळीस मीटरांवरच्या भिंतीची कड त्यामुळे किरणांच्या आडव्या छेदात ३७ सेंटिमीटरांची होते, आणि फरशीवर तिरकी पडली की त्याहूनही पसरट. बिंबाची बाजू त्या भिंतीमागे शिरू लागल्यापासून ते पूर्ण झाकले जाईपर्यंत दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ खोलीतले ऊन हळूहळू उतरत राहते. माझ्या पडद्याला एक बारीक भोक आहे. त्यातून समोरच्या भिंतीवर नाण्याएवढा गोल कवडसा पडतो. हा कवडसा म्हणजे भोकाचा आकार नव्हे, ती सूर्याची प्रतिमा असते. सूर्य इमारतीच्या कडेमागे जाऊ लागला की हा गोल एका बाजूने सरळ रेषेत कापला जाऊ लागतो, अर्धा होतो, कोर उरते आणि जातो. शेजारच्या इमारतीची कड त्या दोन मिनिटांत माझ्या भिंतीवर उमटलेली असते.

ऊन गेले म्हणजे उजेड गेला असे नाही, आणि या दोहोंत घातलेल्या गल्लतीमुळे अनेक वाद भरकटतात. भर उन्हात उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) एवढा प्रकाश असतो. त्याच वेळी, आकाश मोकळे दिसत असेल अशा सावलीतही दहा ते वीस हजार लक्स मिळू शकतात. आणि ज्या खोलीत आपण निवांत वाचत बसतो तिथे काहीशे लक्स पुरेसे वाटतात. डोळा इतक्या मोठ्या फरकांशी सहज जुळवून घेतो, की घटलेला प्रकाश त्याला फारसा कळत नाही. खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसतो यावर उजेड ठरतो. सूर्याची वाट त्या तुकड्यातून जाते की नाही यावर ऊन ठरते. समोर उंच इमारत आली की बहुधा दोन्ही कमी होतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. उत्तरेच्या खिडकीसमोर इमारत आली तर ऊन फारसे जाणार नाही, पण उजेड निम्मा होऊ शकतो. उलट आग्नेयेला दूरवर एक मनोरा आला तर उजेड जवळपास तसाच राहील आणि थंडीतले सकाळचे ऊन मात्र पूर्ण जाईल. समोरची भिंत पांढरी असेल तर ती थोडा उजेड परतही देते, पण तो उजेडच असतो; त्यात कपडे वाळत नाहीत.

घरात काय बदलले ते अगदी साध्या गोष्टींत दिसते. बाल्कनीतले जाड कपडे आता संध्याकाळी हाताला गारच लागतात. स्नानगृहाच्या बाहेरच्या कोपऱ्यात भिंतीला ओल धरते आणि तिच्यावर काळसर बुरशी येते. पूर्वी ती भिंत सकाळच्या उन्हाने तापून कोरडी होत असे. गुलाबाला फुलण्यासाठी रोज साधारण सहा तासांचे ऊन लागते. माझ्या कुंड्यांतले गुलाब जगले, पाने धरून राहिले, पण त्यांच्या फांद्या उजेडाकडे लांबत गेल्या आणि फुले आली नाहीत. सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात हे आर्थर डाऊन्स आणि थॉमस ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. मात्र उन्हाच्या बाजूने बोलताना अतिशयोक्तीही करू नये असे मला वाटते. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची साधी काच जवळजवळ सगळे अडवते, त्यामुळे बंद खिडकीतून येणारे ऊन गेल्याने त्या बाबतीत काही बिघडत नाही. बाल्कनीतले, अंगणातले, गच्चीतले ऊन गेले तर बिघडते. शरीराच्या घड्याळाला सकाळच्या लख्ख प्रकाशाची गरज असते, हे मात्र बंद खिडकीच्या आतही खरे आहे, आणि वृद्ध माणसे किंवा आजारी माणसे ज्या खोलीत दिवसभर असतात त्या खोलीचा विचार निराळा करायला हवा.

छपरावर सौरपट्ट्या (सोलर पॅनेल) बसवलेल्या घरांचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. पट्टीतले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे थोड्याच सेलांवर सावली पडली तरी त्या साखळीचा प्रवाह सर्वांत दुबळ्या सेलाएवढा खाली येऊ पाहतो. त्यासाठी पट्टीत वळणमार्गाचे डायोड बसवतात. ते सावलीतला भाग टाळून प्रवाह पुढे नेतात, पण त्या भागाचे उत्पादन जातेच. पाण्याच्या टाकीची अरुंद सावलीसुद्धा तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त वीज घालवू शकते.

असे असूनही सावली हा शत्रू नव्हे, आणि हे मी मनापासून म्हणते. कडक उन्हाच्या प्रदेशांत पश्चिमेला उभी राहिलेली इमारत दुपारनंतरचे तिरपे ऊन अडवते तेव्हा ती शेजाऱ्यावर उपकारच करते, कारण ते ऊन छज्जाने अडत नाही, थेट खोलीत शिरते आणि भिंत इतकी तापवते की रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहते. लख्ख दिवशी सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरावर सुमारे हजार वॉट ऊर्जा पडते. तापलेल्या महिन्यांत ती नको असते, गारठ्यात ती फुकट मिळालेली शेगडी असते. उष्ण प्रदेशांतल्या जुन्या वस्त्यांतल्या अरुंद गल्ल्या एकमेकींच्या सावलीवरच जगत आल्या आहेत. तेव्हा प्रश्न सावली असावी की नसावी असा नाही. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या तासांना, कोणाच्या कोणत्या खिडकीवर पडते, एवढाच तो आहे.

हा फरक फार जुन्या कायदेपंडितांना कळला होता. रोमन कायद्यात शेजाऱ्याचा उजेड अडवू नये असा सुविधाधिकार, म्हणजे आपल्या जागेच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जागेवर चालणारा हक्क, मान्य होता. त्यावर लिहिताना अल्पियन या तिसऱ्या शतकातल्या कायदेतज्ज्ञाने एक बारकावा नोंदवला, आणि तो सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने झालेल्या संकलनात टिकून राहिला. शेजाऱ्याने काही उभे केले आणि त्याने उजेड अडला नाही, पण ऊन मात्र गेले, तर काय? अल्पियन म्हणतो, जिथे ऊन नसणेच सुखाचे होते तिथे अधिकाराचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. पण ऊन घेण्यासाठीच बांधलेल्या खोलीवर किंवा सज्जावर सावली आली असेल, तर तो भंगच होय, कारण त्या जागेला सूर्याची गरज होती. ऊन आणि उजेड यांतला भेद, सावलीचे सुख आणि तिचा जाच, हे सगळे त्या लहानशा परिच्छेदात आहे. नंतरच्या अनेक कायद्यांत मला इतकी समज दिसत नाही.

इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्याने सलग २० वर्षे उपभोगलेल्या उजेडावर खिडकीचा हक्क मानला, आणि भारताच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही तीच २० वर्षांची मुदत ठेवली. पण संरक्षण मिळते ते उजेडाला, आणि तेही सामान्य माणसाला सोयीने राहता येईल इतक्याच. १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये सर्वोच्च न्यायालयीन पातळीवर हेच ठरले की पूर्वीएवढा उजेड राहिला नाही एवढ्याने भागत नाही, उरलेला अपुरा आहे हे दाखवावे लागते. अमेरिकेत तर हा हक्क जवळजवळ नाकारलाच गेला. मायामी बीचवर फाँटेनब्लो हॉटेलने १४ मजल्यांची वाढीव इमारत बांधायला घेतली, तिची सावली थंडीच्या मोसमात दुपारी दोनच्या सुमारापासून शेजारच्या ईडन रॉक हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर आणि ऊन खात बसण्याच्या जागेवर पडणार होती. १९५९ मध्ये फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की इमारत बांधणाऱ्याच्या उपयोगाची असेल, तर शेजारच्या जमिनीवरून मोकळेपणाने येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर कोणाचाही कायदेशीर हक्क नाही, मग बांधण्यात अंशतः आकस असला तरीही. हा निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी तो मला खटकतो, कारण त्यात जमीन हा एकच मोजण्यासारखा पदार्थ मानला आहे. १९८२ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर छपरावरच्या सौरयंत्रणेवर शेजारच्या नियोजित घराची सावली पडण्याचा दावा आला, तेव्हा मात्र न्यायालयाने म्हटले, की सूर्यप्रकाश अडवणे हा शेजाऱ्याला होणारा उपद्रव ठरू शकतो आणि असा दावा ऐकला गेला पाहिजे. सूर्यप्रकाशाला आता ऊर्जेचा स्रोत म्हणून मोल आले आहे, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. घरात बसलेल्या माणसाच्या अंगावर पडणाऱ्या उन्हाला तेवढे मोल कधी येईल, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

न्यायालयाकडे गेलेला प्रश्न बहुधा उशिरा गेलेला असतो, म्हणून मला नियोजनाचे नियम अधिक महत्त्वाचे वाटतात. न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये सरळ भिंतींची ३८ मजली इक्विटेबल इमारत उभी राहिली, तिने भोवतालचे रस्ते आणि इमारती झाकोळून टाकल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या शहराने उंचीबरोबर वरचे मजले मागे घेण्याचा नियम केला. तो नियम आकारापुरता होता. जपानने याहून पुढची पायरी गाठली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये घराला मिळणारे ऊन आणि वारा कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत असे मान्य केले, आणि १९७६ मध्ये इमारत कायद्यात सावलीचा नियमच आला. निवासी विभागात ठराविक उंचीपुढच्या इमारतीची सावली हिवाळ्याच्या अयनदिनी सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात शेजारच्या जागेवर किती तास पडते ते मोजायचे. हद्दीपासून ५ ते १० मीटरांच्या पट्ट्यात, विभागाप्रमाणे, तीन, चार किंवा पाच तासांपलीकडे ती जाता कामा नये, आणि १० मीटरांपलीकडे त्याहूनही कमी. मोजमाप जमिनीवर नसते. कमी उंचीच्या वस्तीत ते दीड मीटरांवर, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीच्या पातळीवर, आणि इतरत्र बहुधा चार मीटरांवर, म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडकीशी. समान तासांच्या सावलीच्या रेषा नकाशावर काढून दाखवाव्या लागतात. व्यापारी विभागांना हा नियम लागू नाही, त्यामुळे सगळ्यांचेच समाधान होते असे नाही; पण सावलीला तासांत मोजून नकाशात आणले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. चीनच्या नियमांत मोठ्या शहरांतल्या घरांसाठी, बहुतेक थंड आणि समशीतोष्ण विभागांत, २० जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या दिवशी किमान दोन तासांचे ऊन मागितले जाते. युरोपच्या २०१८ च्या मानकात १ फेब्रुवारी ते २१ मार्च यांमधल्या एका ठरवलेल्या दिवशी घरातल्या एका तरी खोलीला किमान दीड तास ऊन मिळावे अशी शिफारस आहे.

कॅलिफोर्नियातले वास्तुकलेचे प्राध्यापक राल्फ नोल्स यांनी १९७० च्या दशकात हाच विचार उलट बाजूने मांडला. शेजाऱ्याला कोणत्या तासांचे ऊन मिळायलाच हवे ते आधी ठरवावे, त्या तासांच्या किरणांनी आपल्या भूखंडावर हवेत जो काल्पनिक आकार कोरला जातो तो काढावा, आणि त्याच्या आत हवे तसे बांधावे. इमारत बांधून मग सावली कुठे पडते ते पाहण्यापेक्षा हे मला फार न्याय्य वाटते. नॉर्वेतल्या र्‍यूकान गावावर डोंगरांमुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे तीन आरसे बसवून गावच्या चौकात ऊन उतरवले. डोंगराची सावली कोणी ठरवून टाकलेली नसते, तिच्याशी असेच जमवून घ्यावे लागते. इमारतीची सावली मात्र कोणीतरी, कोणत्या तरी टेबलावर ठरवलेली असते.

सावलीचे कारण पुढे करून नवी घरे अडवण्याचे प्रकारही होतात, हे मान्य करायला हवे. लोकांना घरे हवी आहेत, ती शहरातच हवी आहेत, आणि आज ज्यांना भरपूर ऊन मिळते त्यांच्या इमारतींनीही कधीकाळी कोणाचे तरी ऊन घेतलेलेच असते. ज्याचे घर आधी बांधले गेले त्याला सगळे आकाश, हा न्याय होऊ शकत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की नुकसान झाकून ठेवू नये. तेच चटईक्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचे मिळून तेवढेच बांधकाम, ठेवून इमारतीची अरुंद बाजू शेजाऱ्याकडे वळवता येते, उत्तरेकडचे वरचे दोन मजले मागे घेता येतात, एका लांबलचक इमारतीऐवजी फट सोडून दोन बांधता येतात. यातल्या प्रत्येक बदलाने शेजारच्या खिडकीला किती तास परत मिळतात ते आज साध्या संगणकावर काही मिनिटांत निघते.

ज्यांना घर घ्यायचे आहे किंवा समोरच्या मोकळ्या भूखंडावर काय येईल याची काळजी आहे, त्यांनाही हे बरेचसे स्वतः पाहता येते. कोनमापकाला ओळंबा बांधून खिडकीच्या मध्यापासून समोरच्या माथ्याचा कोन मोजावा आणि तो आपल्या अक्षांशाच्या डिसेंबरच्या सूर्याशी ताडून पाहावा. खरी उत्तर-दक्षिण रेषा हवी असेल तर उभ्या काठीची दिवसातली सर्वांत आखूड सावली पाहावी. होकायंत्र काही अंशांनी चुकवू शकते. आणि जागा उन्हाळ्यात पाहायला गेला असाल तर जूनमधल्या पौर्णिमेच्या रात्री तिथे थांबावे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे जूनमधला पूर्णचंद्र आकाशातून साधारण त्याच वाटेने जातो जिने डिसेंबरातला सूर्य जाणार असतो. पाच अंशांपर्यंत इकडे-तिकडे, एवढेच. तो ज्या खिडकीतून दिसेल त्या खिडकीत थंडीतले ऊन येईल, आणि तो ज्या इमारतीमागे जाईल तिच्यामागे सहा महिन्यांनी सूर्य जाईल. मी हे अनेकांना सांगते, आणि पाहून आलेल्यांना पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

आता आमच्या स्वतःच्या इमारतीच्या पुनर्बांधणीची बोलणी सुरू झाली आहेत. सध्याच्यापेक्षा तिची उंची दुपटीहून जास्त होणार आहे आणि उत्तरेला एक बैठे घर आहे, ज्याचे अंगण आज थंडीतही दुपारभर उन्हात असते. वास्तुविशारदाकडे मी २१ डिसेंबर, २१ मार्च आणि २१ जून या तीन दिवसांचे, तासातासाच्या सावलीचे नकाशे मागितले आहेत, आणि त्यांत त्या घराच्या खिडक्या व अंगण दाखवून आजचे तास आणि नंतरचे तास शेजारी शेजारी लिहावेत असेही सुचवले आहे. काही सभासदांना यात आपण आपल्याच हाताने आक्षेपाला निमंत्रण देत आहोत असे वाटते. त्यांची भीती मी समजू शकते, पण तास मोजल्याने ते कमी किंवा जास्त होणार नाहीत, आणि आग्नेयेच्या इमारतीकडून आम्हाला जे मिळाले नाही ते देणे आमच्या हातात आहे. पहिल्या मसुद्यात नुसती आमची इमारत आली आहे, उत्तरेचे घर रिकाम्या चौकोनासारखे दाखवले आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी तो मुद्दा लेखी दिला आहे.